बैलबाजारातला पहेलवान

आयुष्यात एकही गोष्ट सांगितल्या भावात न घेतलेला आणि चाळिशी उलटल्यावर पहेलवान व्हायला निघालेला माणूस आमच्या मावसाजींखेरीज अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. त्या वर्षी आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. साहेब तेच, खुर्च्या त्याच आणि लोकांचे हेलपाटेही तेच. खरोखर बदलले ते एकटे मावसाजी. एका सकाळी त्यांनी मावशीला सांगितलं, "आजपासून मले चहा नको. शेरभर दूध देत जाय." मावशी चूल फुंकत म्हणाली, "मंग म्हैसही तुमीच दोहत जा."

मावसाजी दारव्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करत. आमच्याकडे बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. दुपट्ट्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, आणि जितकी बोटं दाबली तितका भाव. वरून दोघंही पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात. या धंद्यात मावसाजींचा हात इतका मुरला होता की तो त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. कुणाच्या मयतीला जाऊन त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, तरी बोटं आपोआप चाचपू लागायची. डॉक्टरांनी नाडी पाहायला मनगट धरलं तेव्हाही यांनी सुयांची संख्या कमी करून घेतली होती.

कुस्तीही त्यांनी बैल पारखावा तशी बाहेरून सुरू केली. आधी चाल. दोन्ही काखांत कलिंगडं धरल्यासारखे हात फाकवून ते चालू लागले, आणि अंगावर मूठभर मांस चढायच्या आत दारातून आडवे शिरू लागले. मग कान. जुन्या पहेलवानांचे कान मार खाऊन मुरगळलेले असतात. मावसाजींना तेवढी वाट पाहायची नव्हती. ते रोज ओसरीवर बसून सुतळीच्या पोत्यावर कान घासत. कान मुरगळले नाहीत, सुजले, आणि आठवडाभर बाजारात त्यांना कुणाचंच नीट ऐकू आलं नाही. त्या आठवड्यात त्यांची दलाली म्हणे उत्तम झाली. लंगोट त्यांनी धोब्याकडून खळ घालून इस्त्री करून आणवला होता. तो नेसून पहिली बैठक मारली तेव्हा जो आवाज झाला, त्याने शेजारच्या वासराने दावं तोडलं. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ढाक हा डाव समजावून सांगितला जाई, आणि समजला नाही तर करूनही दाखवला जाई. त्यामुळे चहाही वाचू लागला.

या सगळ्या सोंगामागे एक खरं दुखणं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीचे वडील, म्हणजे आमचे आबाजी, बाजारामागच्या आखाड्याचे वस्ताद. म्हातारपणी नजर अधू झाली होती, पण आखाड्याच्या काठावर बसून नुसत्या आवाजावरून कोण पडला, कसा पडला, हे ते सांगत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी चारचौघांत ते जावयाला "दलाल" म्हणत. मावसाजी आखाड्यात आले तेव्हा ते म्हणाले, "माती लावा अंगाले, कोन नाई म्हनते? पन मले वस्ताद म्हनू नका. तुमचं सारं बोलनं दुपट्ट्याखालचं. मातीत सौदा नाई चालत." मावसाजी हसले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. आबाजी थकत चालले होते. त्यांच्यासमोर एकदा तरी उतरायचं आणि त्यांना वस्ताद म्हणायचा हक्क मिळवायचा, एवढंच या माणसाला हवं होतं. आम्ही मात्र कान पाहून हसत होतो.

नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत मावसाजींनी जोड मागितली. पुढे आला फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी. नांगराच्या लाकडी इसाडासारखे दंड, आणि दर हंगामात मावसाजींच्याच हातून बैल विकणारा. पंचांनी रिवाजाप्रमाणे दोघांचे हात मिळवून दिले, आणि तिथेच घोळ झाला. हात हातात येताच मावसाजींची बोटं कामाला लागली. त्यांनी समोरच्याचा सगळा पंजा दाबला. गडी बाजारातला, त्याला नेमकं कळलं की मला पाच मिनिटं उभा ठेव. त्याने उलट एकच बोट दाबलं. मावसाजींनी पुन्हा पंजा धरला. लोकांना वाटलं, काय ही खिलाडूवृत्ती, हात सोडवत नाहीत! पंच खाकरले. हलगीवाल्याचा हात दुखायला आला.

त्यानंतरचं बोलणं मला पुढे त्या शेतकऱ्यानेच सांगितलं. तो मावसाजींच्या कानाशी म्हणाला होता, "सोडा ना बाप्पा, मीच पडतो. पुढच्या बाजारात माह्या बैलजोडीचं तेवढं पाहून घ्या."

इतका चांगला सौदा मावसाजींना जन्मात मिळाला नसेल. त्यांनी काठावर पाहिलं. आबाजी मान खाली घालून, कान इकडे लावून बसले होते. मावसाजींनी हात सोडला. "नाई," ते म्हणाले, "तू पुरा जोर लाव. बुढा आयकून राह्यला."

कुस्ती कशी झाली हे सांगण्याइतका वेळ ती चाललीच नाही. मावसाजी हवेत दिसले आणि मग मातीत दिसले. लोक खदखदून हसले, मीही हसलो. एकटे आबाजी हसले नाहीत. त्यांनी जावयाला जवळ बोलावलं, पाठ वळवायला लावली आणि दोन्ही खांद्यांवरून सावकाश हात फिरवला. दोन्हीकडे सारखी माती लागली होती; ठरवून पडणारा एका कुशीवर पडतो.

"खरी पाठ लागली," आबाजी म्हणाले. "उद्या तांबडं फुटता या. पाय कसे रोवाचे ते दाखवतो."

"हौ, वस्ताद," मावसाजी म्हणाले. आबाजींनी त्यांना टोकलं नाही.

ती शिकवणी दिवाळीपर्यंत चालली. मग आबाजींनी अंथरूण धरलं आणि थंडीत ते गेले. त्यानंतरही मावसाजी पहाटे आखाड्यात जात, माती उकरून भुसभुशीत करत, पाणी शिंपडत आणि अंगाला माती न लावताच परत येत. आता मला त्यांचं हसू येत नसे. एकदा मी विचारलं, "मावसाजी, उतरत काहून नाही?"

त्यांनी हाताची माती झटकली. "उतरलो असतो बाप्पा," ते म्हणाले, "पन पडलो तर आयकनारं कोन हाये?"