नारळाच्या बेटावर अकरा नारळ

कॅरिबियन बेटावर राहायला जाणाऱ्यांसाठी मी एकोणपन्नास सूचना लिहून काढल्या, तेव्हा मी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला होता. दोन्ही वेळा अलिबागला.

इरा, निनाद, तुमचा बाबा ही गोष्ट पाहुण्यांना कशी सांगतो ते मला ठाऊक आहे. (निनादनं व्हिडिओ पाठवला होता. बाबाला सांगू नका.) त्याच्या गोष्टीत मी एक हट्टी म्हातारी आहे. म्हणून खरी हकीकत लिहून ठेवते. तुम्ही तेव्हा सहा आणि तीन वर्षांचे होता, तेव्हा तुमची साक्ष मी धरत नाही.

झालं असं, की तुमच्या बाबाला, म्हणजे आमच्या अभयला, बार्बाडोसला एका कॉलेजात नोकरी लागली. तुमच्या आईला, मृणालला, तिथंच काम मिळालं. दोघंही नव्या नोकरीत, म्हणजे पहिले तीन महिने तुम्हाला सांभाळायला एक आजी हवी. आजी दोन उपलब्ध होत्या. एक पुण्याच्या, शांत, मितभाषी, एका बॅगेत प्रवास करणाऱ्या. आणि दुसरी मी!

अभयनं मला समोर बसवलं.

"आई, तुला नेतो. पण एकच अट. विमानतळावर तुझ्यामुळं एक जरी बॅग उघडावी लागली, तर तू पुढच्या विमानानं परत आणि पुण्याच्या आई हजर."

"मान्य," मी म्हणाले. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे मी. माझ्या कपाटातल्या रुमालांनासुद्धा क्रमांक आहेत. माझ्यामुळं बॅग उघडेल? शक्यच नाही!

मग मी सूचना लिहायला घेतल्या. त्यातल्या बऱ्याच आजही उत्तम आहेत. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. मुलांच्या लसींचे कागद वरच ठेवा. कुकरच्या रिंगा जास्तीच्या न्या. वादळाचे महिने कोणते ते पाठ करा. (मिक्सर न्यावा, ही एकविसावी सूचना मात्र मी मागे घेते. तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची. आपला मिक्सर तिथं चटणी वाटत नाही, नुसता उसासे टाकतो.)

तुमचे आबा ओसरीवर बसून हे सगळं बघत होते.

"बघा, आमची मास्तरीण काटेवाडीत बसून तितल्या बेटाला शिस्त लावती!" ते म्हणाले. मग हळूच जवळ आले. "अगं, चार कांड्या आपल्या उसाचं बेणं घे की बॅगंत. पोराच्या अंगणात लावू."

"अहो, उसाचं बेट आहे ते! उसाच्या बेटावर ऊस न्यायचा? लोक हसतील!"

हे वाक्य मी फार तिरस्कारानं उच्चारलं होतं. ते लक्षात असू द्या.

निघायच्या तीन दिवस आधी मृणालची ओटी भरायला बायका आल्या. ओटी म्हणजे पदरात तांदूळ, खण आणि नारळ. सवाशीण दूर निघाली की भरतातच. आमच्या भावकीच्या, डेअरीच्या रांगेतल्या, आबांच्या मामांकडच्या. शेवटी आबांची मोठी बहीण आली, डाळजच्या आत्याबाई. मोजले तर नारळ अकरा!

मृणाल माझ्या कानाशी आली. "आई, हे इथंच ठेवू या का? तिकडं गल्लोगल्ली नारळ आहेत हो."

हे आत्याबाईंनी ऐकलं. "व्हय गं? वटीचा नारळ मागं टाकून जाणार? काय म्हणावं ह्या शिकलेल्या पोरींना!"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेल्या बायकांवर शेरा आला, की माझी जीभ आपोआप सुटते.

"मागं कोण टाकतंय, वन्सं?" मी म्हणाले. "नव्या घरासाठी भरलेल्या ओटीचा नारळ नव्या घरातच फुटला पाहिजे. शास्त्र आहे."

असं कुठलंही शास्त्र नाही. मी ते त्याच क्षणी तयार केलं. पण आत्याबाईंनी चक्क मान डोलावली! चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या वाक्याला पहिल्यांदा मान डोलावली होती. त्यानंतर ते शास्त्र मोडणं माझ्या हातात राहिलं नाही.

"वड्या कर की त्याच्या," आबा म्हणाले.

"शास्त्रात बसत नाही," मी म्हणाले.

मग मी माझ्या बॅगेतून सहा साड्या, स्वेटर आणि शब्दकोश बाहेर काढला आणि अकरा नारळ आत घातले. प्रत्येक नारळ परकरात गुंडाळलेला, प्रत्येकावर चिठ्ठी. 'क्रमांक अकरा, डाळज.' आबांनी बॅग डेअरीच्या काट्यावर टाकली. वजन मर्यादेच्या जेमतेम आत! अभयला मी काही बोलले नाही. त्यानं बॅग उचलली आणि विचारलं, "आई, काय भरलंयस एवढं?"

"आशीर्वाद," मी म्हणाले.

मुंबई पार पडली. लंडन पार पडलं. आणि बेटाजवळ विमान आल्यावर त्यांनी एक फॉर्म हातात दिला. फळं, झाडं, बिया, खाद्यपदार्थ आणले आहेत काय?

अभयनं सगळ्यांच्या वतीनं 'नाही'वर पेन टेकवलं, आणि मी तो फॉर्म ओढून घेतला. मुलापासून लपवणं हा घरातला मामला आहे. सरकारपासून लपवणं हा गुन्हा! मी 'होय'वर खूण केली आणि पर्समधली सामानाची चार पानांची क्रमवार यादी जोडली.

"आई, हे काय आहे?"

"प्रामाणिकपणा."

तपासणीच्या टेबलापाशी माझ्याच वयाच्या वाटाव्यात अशा एक भारदस्त बाई उभ्या होत्या. अभयनं घाईघाईनं पासपोर्ट पुढं केले. बाईंनी पासपोर्टांकडं पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "गुड आफ्टरनून." त्या लगेच म्हणाल्या, "गुड आफ्टरनून, मॅडम." (ही पन्नासावी सूचना. त्या बेटावर आधी नमस्कार, मग काम. आमच्या शाळेतही हेच होतं.)

त्यांनी यादी वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"मॅडम, तुम्ही नारळ आणलेत? आमच्याकडं?"

"अकरा," मी म्हणाले.

मग मी माझ्या सर्वोत्तम इंग्रजीत त्यांना ओटी समजावून सांगितली. उगम, महत्त्व, पदर कसा धरायचा, सगळं! मागं रांग वाढत होती. निनाद सामानाच्या ढिगावर झोपला होता. मृणाल छताकडं बघत होती. अभयच्या कानांचा रंग मी शब्दांत सांगू शकत नाही. बॅग उघडली गेली. एकेक परकर सोडवत अकरा नारळ टेबलावर मांडले गेले, क्रमवार.

"सुंदर मांडणी आहे," बाई म्हणाल्या. "पण हे आत नेता येणार नाहीत. आमच्या झाडांना रोग लागेल. इथंच सोडा."

"ओटीचा नारळ मी कचऱ्यात टाकणार नाही."

"मग मॅडम, काय करायचं?"

"कचऱ्यातच जाणार असतील, तर मी त्यांना घेऊन परत जाते!" मी म्हणाले. आवाज चांगला खणखणीत लागला होता.

"चालेल," अभय म्हणाला.

इतक्या पटकन! मी त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्यानं खिशातून फोन काढला होता, पुण्याचा नंबर शोधायला. आणि इरा, तू माझा पदर धरून उभी होतीस. तीन महिने रोज तुझी वेणी घालायची, असं आपलं ठरलं होतं. ते मी माझ्या एका वाक्यानं घालवलं होतं, आणि तेही स्वतःच बनवलेल्या शास्त्रापायी! पण माघार घ्यायची कशी, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आम्ही कचऱ्यात टाकत नाही. जप्त केलेलं सगळं भट्टीत जातं. जाळतो आम्ही."

"अग्नीत?"

"अग्नीत."

"अभय, फोन ठेव!" मी म्हणाले. अरे, होमाच्या शेवटी पूर्णाहुतीला नारळ अग्नीतच देतात की! याहून मोठा मान नारळाला कुठला? मी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि अकराही नारळांना कुंकू लावलं. मग मी बाईंना नारळ जाळताना शेंडी वर ठेवायची विनंती केली. त्यांनी ते लिहून घेतलं. रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"आई, अट आठवते ना?" अभय दात आवळून म्हणाला. "उद्याचं विमान आहे."

त्याचं मराठी बाईंना कळलं नसणार, पण सूर कळला. "तरुण माणसा," त्या म्हणाल्या, "या बाई कुठंही जाणार नाहीत. परत निघाल्या तर यांचे कागद मलाच भरावे लागतील, आणि या त्यालाही यादी जोडतील."

अशी मी राहिले. पूर्ण तीन महिने!

मी बॅग बंद करून निघाले, तेव्हा बाईंनी मला हाक मारली. मला वाटलं, निरोप द्यायचा असेल.

"मॅडम, तुम्ही पुन्हा येणार?"

"नक्की येणार."

"मग मंगळवारी या," त्या म्हणाल्या. "मंगळवारी माझी सुट्टी असते."

त्यानंतर मी तुमच्याकडं दोनदा आले. दोन्ही वेळा तिकीट काढताना आधी वार पाहिला, आणि मुद्दाम बुधवार घेतला.