ओढ्यातली मोजणी

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या वस्तीमागून एक ओढा वाहतो. महिन्यातल्या एका रविवारी मी त्यातले किडे मोजते. हे काम मला एका निवृत्त शिक्षिकेनं शिकवलं. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते. पाण्यात उभं राहायचं, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची आणि तीन मिनिटं पायानं तळाची खडी ढवळायची. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की हळूहळू ट्रे हलायला लागतो. मेफ्लाय नावाच्या पाणमाशीची तीन शेपट्यांची पिल्लं, वाळूचं घर अंगाभोवती बांधून चालणाऱ्या अळ्या. पाणी नासलं की हे जीव आधी जातात. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी भरले, तर पर्यावरण खात्याला कळवायचं.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या महिन्यात मी एकटीच गेले. ट्रेमध्ये मेफ्लाय मोजून तीन. मागच्या वेळी शंभराच्या वर होती. मला वाटलं, माझंच ढवळणं चुकलं. गावाकडे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं की आम्ही सीनियरच्या जर्नलमधलं उतरवायचो. घरातली पहिली पदवी मी अशा जर्नलांवर मिळवली, आणि त्या कॉलेजचे उपकार मी विसरलेले नाही. पण हाताला सवय तीच. मागच्या महिन्याचा आकडा थोडा कमी करून लिहिला आणि कागद बाईंना द्यायला गेले.

तो बघून बाई इतक्या खूश झाल्या की मला राहवेना. खरं ते सांगून टाकलं, जर्नलसकट. त्यांनी विचारलं, तुमच्या सरांना कधी कळलं नाही? मी म्हटलं, सीनियरचं जर्नल सरच काढून द्यायचे. त्या खूप हसल्या. मग कागद माझ्या हातात परत दिला.

"तुझं चुकलं असेल तर पुन्हा मोजू. ओढ्याचं बिघडलं असेल, तर ते झाकणाऱ्या आपण कोण?"

दुसऱ्या दिवशी त्या कुबड्या घेऊन आल्या आणि काठावरच्या बाकावर घड्याळ लावून बसल्या. मी ढवळलं, ओतलं, दोनदा मोजलं. दोन.

बाईंनी तिथूनच खात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस मोजणीची खात्री आहे का, असं विचारत असावा.

"मोजणारी पाण्यातच उभी आहे, तिलाच विचारा," म्हणत त्यांनी फोन माझ्याकडे केला.

मी ओले हात जॅकेटला पुसले आणि आकडा सांगितला.