पानठेल्यावरचा डबा आणि आमची पेटी

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या आमच्या गल्लीचं सगळं टपाल कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर यायचं. पोस्टमन गल्लीत शिरतच नसे. पत्रांचा गठ्ठा तो पानवाल्याकडे द्यायचा आणि पानवाला तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. ऑफिसातून येताना जो तो आपापलं पत्र घेऊन जाई. पानठेला रात्रीपर्यंत उघडा असल्यामुळे ही सोय सगळ्यांना फार पसंत होती. बाबा तर म्हणायचे की घराला कुलूप असलं तरी आपलं पत्र सुरक्षित राहतं.

मला सुरक्षिततेचा हा अर्थ पटत नसे. मला बघून गेलेल्या मुलाच्या वडिलांनी पोस्टकार्डावर कळवलं होतं, 'मुलगी फारच अबोल वाटली, योग दिसत नाही.' ते कार्ड दुपारभर त्या डब्यात होतं. संध्याकाळी मी लायब्ररीतून परतले तेव्हा, एरवी नुसत्या मान हलवणाऱ्या बायका मला थांबवून बोलतं करायला लागल्या. असं का, ते घरी पोचल्यावर कळलं.

नंतर मी नोकरीसाठी अर्ज करायला लागले. बाबांची अट एकच होती : नोकरी नागपुरातच. मी मात्र एका विमा कंपनीच्या जागेसाठी गुपचूप अर्ज केला होता आणि ती जागा भोपाळची होती. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ते पानठेल्यावर आधी बाबांच्या कानावर गेलं, तर विषय तिथेच संपणार होता. पत्र आधी माझ्याच हातात पडायला हवं होतं.

त्यातच त्याआधीच्या दोन अर्जांची नकाराची पाकिटं मला संशयास्पद वाटली होती. कडा पुन्हा चिकटवलेल्या होत्या आणि डिंकाऐवजी तिथे भाताचं वाळलेलं शीत होतं. पानठेल्यावर शीत कुठून येणार? पण पानवाल्याचा जेवणाचा डबा घरून येतो, हे मला माहीत होतं. तेवढं मला पुरलं. जाता-येता मी त्याच्या बोटांकडे बघू लागले.

लकडगंजातल्या एका सुताराकडून मी सागवानी तुकड्यांची पेटी करून घेतली, तिला कुलूप लावलं आणि ती दारावर ठोकली. पोस्टमनला सांगायला बाबा तयार नव्हते. गल्लीत राहून असा अविश्वास दाखवणं त्यांना बरं वाटेना. शेवटी मीच त्याला गाठलं. इतकं बोलताना माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी पानवाल्यानं मला हटकलंच.

"काहून वं पोरी, आमचा डबा चावत होता का तुले?"

मी हसल्यासारखं केलं. ठेल्यावरचे दोघेतिघे खरंच हसले.

कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक मी पर्समध्ये ठेवली. दुसरी आईनं स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे ठेवली, हरवू नये म्हणून.

महिन्याभरानं भोपाळचं पाकीट आलं. मी स्वतः कुलूप उघडलं, स्वतः पाकीट काढलं, आणि कडेला शीत दिसलं. अजून ओलं होतं.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती. पाकीट तिच्यासमोर धरलं, तसं तिनं लाटणं बाजूला ठेवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मग तिनं काय वाचलं, असं मी विचारलं.

"वाचाले कायले लागते? नकाराले दोन ओळी पुरतात. हे तं भरून आहे."

मागची दोन्ही पत्रंही तिनंच पानठेल्यावरून आणली होती. तीही तिनं तशीच मापून बघितली होती. दोन ओळी दिसल्या की ती पाटोडीचा रस्सा करायला घ्यायची, मला आवडतो म्हणून. पोस्टकार्डाच्या वेळी सगळ्या गल्लीला कळल्यावर तिला कळलं होतं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच ती म्हणाली.

मला राग होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. मी तिला पत्र मराठीत सांगायला लागले. मुलाखत नागपुरातच आहे, अमुक तारखेला, प्रमाणपत्रं आणायची आहेत. तेवढं सांगून मी कागदाची घडी घालायला घेतली.

"थांब. खालच्या ओळी राहिल्या."

तिचं पिठाचं बोट बरोबर तिथे टेकलं होतं. मी त्याही वाचल्या : निवड झाल्यास पहिली दोन वर्षं भोपाळच्या कार्यालयात काम करावं लागेल.

तिनं पोळी तव्यावर टाकली. ती उलटून शेकली आणि खाली काढली.

"मुलाखत देऊन ये," ती म्हणाली. "तुह्या बाबाले मी सांगीन. आज नाही. झाल्यावर."

ती सांगेल की नाही, आणि कधी, याची मला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पेटीचं कुलूप बदललं आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या. आईनं दारातून आत येताना ते हातात धरून पाहिलं.

"मजबूत दिसते," म्हणाली, आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेली.