चार बोटांचा ओरखडा

आमच्या ड्रॉइंग सेक्शनमधले आम्ही तिघं अजूनही महिन्यातून एकदा भेटतो, आणि चहा येईपर्यंत साहेबांच्या गाडीचा विषय निघतोच. गाडी एकच, दिवस जेमतेम दहा, तरी किस्से काही संपत नाहीत. खापरे एक सांगायला घेतो, तर गजभिये म्हणतो, तो नंतरचा, आधी कूलरचा सांग. आता हसून हसून पोट दुखतं. पण तेव्हा माझी नोकरी टांगणीला लागली होती, हे दोघंही सोयीस्करपणे विसरतात. म्हणून या वेळी मीच सांगतो.

साल बहात्तर किंवा त्र्याहत्तर असेल. मी ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा होतो, चार वर्षांपासून टेम्पररी. मला परमनंट करायची फाईल साहेबांच्या टेबलावर पडली होती आणि घरात कमावणारा मी एकटा. साहेब रेघ केसभर चुकली तरी ट्रेसिंग आमच्यासमोर उभं फाडत आणि तुकडे आमच्याच हातात देत. ओरडत मात्र नसत, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटे. आदल्या वर्षी एका टेम्पररी माणसानं शाईचा डाग ब्लेडनं खरवडून लपवला होता. साहेबांनी नकाशा खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "डाग पडला असता तर चाललं असतं. लपवलेलं चालत नाही." पुढच्या महिन्यापासून तो माणूस ऑफिसात दिसला नाही.

तर अशा माणसाची ती गाडी.

*

माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा साहेब बारा दिवसांच्या ट्रेनिंगला दिल्लीला गेले होते. मी नकाशांची नळी ठेवायला त्यांच्या बंगल्यावर गेलो, तर साहेबांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, लग्नाची चौकशी केली. वरात कन्हानला जाणार आणि बसनं जाणार, असं मी सांगितलं. बाईंचं माहेर त्याच बाजूचं. पोरगी पहिल्यांदा सासरी जाणार आणि बसच्या दांड्याला धरून जाणार, हे त्यांना पटेना. गाडी उभीच आहे, घेऊन जा, म्हणाल्या. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

लायसन खापऱ्याकडे होतं, म्हणून गाडी त्यानं चालवली. महालातली आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरून सायकलरिक्षा आली की एकाला मागे जावं लागायचं. त्या दिवशी दोघंही मागे गेले नाहीत. बहीण मागच्या सीटवर रडत होती, आई खिडकीला धरून रडत होती, आणि तेवढ्यात उजव्या दरवाजावर रिक्षाच्या चाकाचा नट घासल्याचा आवाज आला. मी खाली उतरून पाहिलं. चार बोटं लांब ओरखडा, आतला पत्रा दिसत होता.

मग मी जो रडलो, तो पाहून वऱ्हाडी मंडळी म्हणाली, भावाचा फार जीव आहे हो बहिणीवर.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ओरखडा पाहिला आणि पायरीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गाडी देऊन राहिली, हे मी त्यांले विचारलं नव्हतं जी. मले तर गाडीत बसायचं असलं तरी विचारा लागते."

तेव्हा मला कळलं की घाबरलेला मी एकटा नाही.

गॅरेजला न्यायची सोय नव्हती. गाडीचा रंग पिस्त्यासारखा फिकट हिरवा, आणि अख्ख्या नागपुरात त्या रंगाची दुसरी गाडी नव्हती. सदरपासून सीताबर्डीपर्यंत प्रत्येक मिस्त्री ती ओळखायचा, आणि प्रत्येक मिस्त्री साहेबांना सलाम ठोकायचा. म्हणजे साहेब घरी पोचताच बातमी त्यांच्या कानावर गेली असती. गजभियेचा मावसभाऊ रेल्वेच्या वर्कशॉपात डबे रंगवायचा, त्या भरवशावर गजभिये म्हणाला, "घरीच करू गा. चार बोटं तर आहे. नकाशे रंगवतो, गाडी काहून नाही?"

हे वाक्य आम्ही त्याला आजही ऐकवतो.

*

रंगाची शेड जुळवायला पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण काढलं आणि पिशवीत घालून इतवारीत गेलो. टाकीच्या तोंडात खापऱ्यानं फडकं कोंबलं आणि तो गाडीपाशीच थांबला. दुकानदारानं झाकण उन्हात नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि सरळ सांगितलं की डब्यातला रंग नवा, गाडीचा रंग दहा उन्हाळे खाल्लेला, दोघांचं जमणार नाही. मग त्याच्याच दुकानात बसून आम्ही पांढरा मिसळला, पिवळा मिसळला, पुन्हा पांढरा. नकाशावर शेतजमीन रंगवणारी माणसं आम्ही, शेवटी डब्यात हुबेहूब तोच रंग आणला. आमचा ऊर भरून आला.

वाळल्यावर तो वेगळाच निघाला.

परत आलो तर टाकीच्या तोंडातल्या फडक्यापासून दोन हातांवर खापरे उभा, तोंडात बिडी. हातात थिनरची बाटली. गजभियेनं बिडी त्याच्या ओठांतून ओढून मोरीत फेकली. खापऱ्यानं त्या दिवसापासून बिडी सोडली, असं तो म्हणतो. आम्हाला ते मान्य नाही.

*

ओरखडा घासला, खाचेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला. इथपर्यंत सगळं छान. रंग मारायला मात्र मशीन नव्हतं. खापऱ्यानं डास मारायचा हातपंप आणला, धुऊन, वाळवून.

पहिला हात आम्ही जेवणाच्या सुट्टीत मारला. नागपूरचा मे महिना, भर दुपार, बंगल्याच्या गॅरेजला टिनाचं छत, बाहेर लू. पंपातून निघालेला रंग दरवाजापर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळायचा आणि दरवाजावर रव्यासारखा बसायचा. बाईंनी हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेल्या दरवाजाचा आम्ही पॉलिश पेपर करून ठेवला होता!

ऑफिसात परतलो तर हेडड्राफ्ट्समन नाक वर करून म्हणाले, थिनरचा वास कुठून येतो आहे? गजभियेनं माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगितलं की भोयरच्या घरी लग्न झालं, अत्तर आहे.

*

कूलरचा किस्सा तो हाच. बाईंना आमची दया आली. त्यांनी हॉलमधला कूलर गॅरेजमध्ये आणवला, खस बदलली, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं. काय गार वारा आला! आम्ही तिघं सुखानं रंग मारत होतो. रंगही आता हवेत वाळत नव्हता, नीट बसत होता. मी तर मनातल्या मनात परमनंट झालो होतो.

पंधरा मिनिटांत दरवाजा पांढरा पडायला लागला. पिस्त्यावर दही सांडावं तसा. फडक्यानं पुसलं तरी जाईना. मी तिथंच फरशीवर बसलो.

गजभिये सायकलवर मावसभावाकडे गेला आणि तासाभरानं उत्तर घेऊन आला. मावसभावानं आधी पोट धरून हसून घेतलं होतं, मग सांगितलं होतं की गाडीचा हा रंग लॅकरचा, ओलसर हवा लागली की तो पांढरा पडतो. रंग मारणारे पावसाळ्यात काम बंद ठेवतात, आणि आम्ही भर उन्हाळ्यात मेहनतीनं पावसाळा घरात आणला होता.

*

मग पहाटेचा मुहूर्त धरला. साडेपाच ते आठ, ऊन चढायच्या आत, कूलरशिवाय. दरवाजा सुंदर झाला. एवढा सुंदर झाला, की शेजारचा मागचा दरवाजा मळका दिसायला लागला. तो रंगवला तर मडगार्ड मळकं दिसलं. चार बोटांचं काम रोज हातभर वाढत होतं आणि थांबायचं कुठं, ते कळत नव्हतं.

सातव्या दिवशी अख्खी उजवी बाजू झाली. गजभिये म्हणाला, आता थांबू, माणूस गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कधीच पाहत नाही. बाई म्हणाल्या, "ते रोज सकाळी गाडीले फेरी मारतात."

तेव्हा आम्ही पूर्ण गाडी रंगवायला घेतली.

आणि एक कबूल करायला हवं. आमच्यापैकी पंपाचा हात सगळ्यात सारखा बाईंचा होता. एकदा खापऱ्याचं मनगट दुखलं म्हणून त्यांनी पंप घेतला, आणि एक ओघळ आला नाही, एक ठिपका उडाला नाही. माहेरी सगळ्या भिंती त्याच सारवायच्या, म्हणे. त्यानंतर पंप त्यांनी आम्हाला दिलाच नाही. त्या घाबरलेल्या होत्या, पण पंप हातात असेपर्यंत तसं दिसायचं नाही.

*

या सगळ्या काळात नामदेव चपराशी गॅरेजच्या दाराशी उभा असायचा. साहेबांचा खास माणूस, मागच्या खोलीत राहणारा. आम्ही त्याला विडा दिला, चहा दिला. तो विडा खायचा, चहा प्यायचा आणि काहीच बोलायचा नाही. आपण एकेक दिवस आपल्या विरुद्ध साक्षीदार पोसतो आहोत, असं मला वाटायचं.

शुक्रवारी सकाळी तो आत आला आणि खिशातून घडी केलेली तार काढली. तार काल दुपारीच आली होती. साहेब सोमवारी नाही, शनिवारी येणार होते.

खापरे त्याच्या अंगावर धावला, तर नामदेव म्हणाला, "काल देली असती तं तुमचे हात थरथरले असते जी. रंग बिघडला असता."

*

शनिवारी पहाटे फक्त बॉनेट राहिलं होतं. दिल्लीची गाडी दहाला येते, असा हिशेब धरून बाई बॉनेटवर शेवटचा हात मारत होत्या. साडेसातला फाटकाशी रिक्षा थांबली. साहेब आधीच्या गाडीनं आले होते.

ते सरळ गॅरेजमध्ये आले. साहेबांनी गाडी पाहिली, आम्हाला पाहिलं, बाईंच्या हातातला पंप पाहिला. "हे काय आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

ब्लेडनं खरवडलेला तो नकाशा माझ्या डोळ्यांसमोर आला, आई आली, टेबलावरची फाईल आली. गेली नोकरी, एवढं एकच मनात होतं.

"गाडी मी दिली होती," बाई म्हणाल्या. "भोयरांच्या बहिणीच्या लग्नाला. ओरखडा आला. रंगवायला मीच सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भोयर, सोमवारी सकाळी मला येऊन भेटा." आणि एक बोट पुढे करून ते बॉनेटकडे वळले.

"हात लावू नका!"

त्या बंगल्यात असा आवाज कोणी ऐकला नसेल. नामदेवसुद्धा सावध उभा राहिला. साहेबांचं बोट बॉनेटच्या वर तसंच थांबलं.

"ओला आहे तो," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज कापत होता, पण पंप त्यांनी खाली ठेवला नाही. "दहा दिवस झाले आम्ही झटून राहिलो."

साहेबांनी हात मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती पूर्ण फेरी मारली आणि बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"कधी वाळेल?"

"तासाभरात. तोवर बसा तिथं."

तिथं म्हणजे थिनरच्या रिकाम्या डब्यावर. साहेब बसले.

*

सोमवारी मी साडेदहाला केबिनमध्ये गेलो. रविवारभर काही खाल्लं नव्हतं. आईला काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं, आणि मग बसा म्हणाले. त्या केबिनमध्ये आजवर कोणा ट्रेसरला बसायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी फाईल त्यांच्यासमोर उघडी होती. पेन हातात होता, पण टोपण लावलेलं.

साहेबांनी दाराकडे एकदा नजर टाकून आवाज खाली आणला.

"भोयर, त्यातला रंग थोडा उरला आहे का? काल फाटकातून गाडी वळवताना जरा..."

"अर्धा डबा आहे, सर."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "हिच्या कानावर जाता कामा नये," म्हणाले आणि सही केली.