दोन्ही धरून

दारात आला की आधी टोपी काढायचा, बसून उजव्या गुडघ्याला अडकवायचा आणि म्हणायचा, "आपण दोन्ही धरून चालू." मग पाणी मागायचा. पोलीस तुम्हीही बघितले असतील. काठी आधी आत येते, माणूस मागनं. ह्याची आधी कापडी पिशवी यायची.

बारामतीच्या ठाण्यात हवालदार होता, मूळचा निरवांगीचा. साहेबांनी त्याला एक काम लावलं होतं. कागदावर त्या कामाचं नाव दीड ओळीचं होतं आणि त्यात 'समन्वय' असा शब्द होता. मी चौथीपर्यंत शिकलेला. म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाला, "गोळी सुटायच्या आधी जाऊन बसायचं, आबा. सुटल्यावर जाणारे बाकीचे हायत."

त्याच्या मोबाईलमध्ये गुंडांचे नंबर थोडे. बँडवाले, घोडेवाले, मंडपवाले, केकवाले जास्त. ह्या सगळ्यांना महिन्यातनं एकदा ठाण्यात बोलवून चहा पाजायचा. "गावठी कट्टा घेतला की माणसाला तो दाखवावा वाटतो," म्हणायचा. "लग्न न्हायतर वाढदिवस सोडून बघायला एवढी माणसं कुठं मिळतात?"

आमची ओळख माझ्या तोंडामुळं झाली.

नातीचं लग्न कन्हेरीत, आमच्या दारात होतं. नवरदेव घोड्यावरून मारुतीला जाणार, आणि ती वाट तात्याच्या दारावरून. तात्या माझा चुलतभाऊ. एका लिंबाच्या झाडावरून आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. झाड वठलं, पडलं, जळणाला गेलं, तरी बोलणं सुरू झालं नव्हतं. माझ्या लग्नात वडिलांनी बारा बोअरची बंदूक वर करून बार काढला होता. तीच बंदूक माझ्याकडं होती, परवान्यासह. तेव्हा चहाच्या टपरीवर मी चार माणसांत म्हणालो, "रविवारी घोडा येणार, आणि तात्याच्या दारात बार उडणार."

कुणीतरी हे वाक्य जसंच्या तसं ठाण्यात कळवलं.

वाक्यात वावगं काही नव्हतं. नवरदेव घोड्यावर बसतो, आणि लग्न उरकलं की आपण बार उडवला असंच म्हणतो. पण पोलिसांकडं घोडा म्हणजे पिस्तूल आणि बार म्हणजे गोळी. साहेब नवे होते. दोन गाड्या काढायला निघाले. हा म्हणाला, "साहेब, लग्नपण असंल. दोन्ही धरून चालू." आणि एकटाच मोटारसायकलवर आला.

पिशवीतनं टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात दिली. "लग्न असलं तर ही." मग एक कागद काढला. बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस होती. "दुसरं काय असलं तर हा. कोणता बार, आबा?"

"नातीचं लग्न हाय."

"मग टोपी घाला. आता दुसऱ्याचं बोलू."

"परवाना हाय मला. रानडुकरांसाठी."

"व्हय. तात्या रानडुक्कर हाय का?"

"थोडाफार."

त्यानं ते लिहून घेतलं नाही.

चार दिवस रोज आला. माझ्याकडं चहा प्यायचा, उठायचा आणि रस्ता ओलांडून तात्याकडं जायचा. तिकडं माझ्यापेक्षा जास्त वेळ बसायचा. मला राग यायचा. "तिकडं काय हाय तुमचं?" विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "दोन्ही धरून, आबा."

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "तुमी बार काढाल तवा नवरदेव कुठं असंल?"

"घोड्यावर. माझ्यापुढंच."

"घोडा बुजला तर?"

"वडिलांनी काढला तवा न्हाय बुजला."

"तवा तुमी बैलगाडीत हुता. मावशींनी सांगितलं मला."

बायको चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

बंदूक मी त्याच्या हातात दिली नाही. गोधडीत गुंडाळून स्वतः ठाण्यात नेऊन ठेवली आणि पावती घेतली. हे लक्षात असू द्या.

रविवारी तो साध्या कपड्यांत आला आणि घोड्याचा लगाम धरून चालायला लागला. तात्याचं दार आलं तसा बँड आपोआप हळू झाला. तेही त्यानंच सांगून ठेवलेलं. माझा हात मोकळा होता आणि त्याचं काय करावं मला कळेना. हवालदारानं बुंदीची रिकामी कागदी पिशवी फुगवली, तोंड पिळून माझ्याकडं दिली. "उडवा, आबा."

मी उडवली. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही.

तात्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "फुसका बार."

"तुझ्यापुरता बास," मी म्हणालो. अकरा वर्षांनी आमचं एवढं बोलणं झालं.

आतली गोष्ट मला तात्यानं पंधरा दिवसांनी सांगितली. माझ्याकडं बंदूक आहे म्हणून त्यानं कधीतरी एक गावठी कट्टा घेऊन ठेवला होता. टपरीवरचं वाक्य त्याच्याही कानावर गेलं. दारात बार उडाला तर दाराआडनं उत्तर द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. माझ्यापुढं घोड्यावर नातजावई असणार होता.

म्हणजे हवालदार रस्ता ओलांडून जायचा तो ह्यासाठी. शुक्रवारी तात्या स्वतः जाऊन कट्टा ठाण्याच्या टेबलावर ठेवून आला होता. हवालदारानं त्याला फसवलं नव्हतं. "गुन्हा दाखल व्हणार, तात्या," आधीच म्हणाला होता. "पण पंचनाम्यात मेलेला माणूस नसंल." गुन्हा झाला, जामीन झाला. तारखेला मी तात्याबरोबर जातो. त्याला फलक दिसत नाही, मला भरभर वाचता येत नाही. दोघं मिळून खोली सापडते.

माझी बंदूक अजून ठाण्यातच आहे. पावती फडताळात आहे. आणायला गेलो नाही. घाई काही नाही.

हवालदार निवृत्त होऊन गावी गेला आणि सहा महिन्यांत हार्ट अटॅकनं गेला. दहाव्यानंतर मी आणि तात्या एसटीनं निरवांगीला भेटायला गेलो. त्याचा मुलगा पुण्याहून आलेला, आम्हाला ओळखत नव्हता. दारातच विचारलं, "तुम्ही पप्पांचे कोण?"

पाहुणे म्हणावं तर नाही, आरोपी म्हणावं तर एकच.

तात्या म्हणाला, "ते दोन्ही धरून चालायचे ना. आमी ते दोन्ही."

मुलाला काही समजलं नाही. भिंतीला टेकून बसलेली त्याची आई मात्र उठली. खुंटीवरची कापडी पिशवी बाजूला सरकवून तिनं सतरंजी घेतली आणि आमच्यासाठी अंथरली. दोघांसाठी एकच.