दारव्ह्याची गुरुवारची मंडळी

कापसाच्या हंगामात दारव्ह्यात फिरून आलं की पदराला कापूस चिकटलेला असायचा. कुठून चिकटला, कधी चिकटला, पत्ता नाही. झटकला तरी थोडा उरायचाच! किश्श्यांचं तसंच. मी काही ते गोळा करत बसले नव्हते. पण साठ सालाच्या आसपास तिथल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली वर्षं अजून अंगाला चिकटून आहेत.

मी नगरकडची. गावात ना नात्याचं कोणी, ना ओळखीचं. ख्रिस्ती घरं तर बोटांवर मोजण्याइतकी. दर गुरुवारी दुपारी चर्चमध्ये प्रार्थनेला आम्ही जमायचो. पाळकसाहेब, चर्चशेजारी एकट्या राहणाऱ्या विधवा रूथबाई, आमचा कंपाउंडर दाविद आणि मी. फार झालं तर आणखी एखादा.

पाळकसाहेबांचा एकच ध्यास, मन बदललं पाहिजे! "प्रभूनं आपल्याला नवं केलं, पण आपण जुने विचार काही सोडत नाही. वाईट विचार दारात येणारच. त्याला पाट मांडायचा की नाही, हे आपण ठरवायचं!"

रूथबाईंचा मुलगा नागपूरला मिलमध्ये लागला आणि तिकडचाच झाला होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, माह्या घरी दुसरं कोणी येतच नाही. आला त्याले कायले हाकलू?"

आम्ही हसलो. रूथबाईही हसल्या. मग पदरानं तोंड पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

*

दाविद म्हणजे जन्माचा घाबरट. आभाळ आलं की वीज आपल्यावरच पडणार, ठसका लागला की क्षय! पाळकसाहेबांनी त्याला उपाय सांगितला, "असा विचार आला रे आला, की मोठ्यानं देवाचे उपकार मान."

दाविद आज्ञाधारक. दुसऱ्याच दिवशी खेड्यातला एक म्हातारा तापानं फणफणत बैलगाडीतून आला. दाविद बाटलीत मिक्स्चर ओतत होता. याचा ताप आता मला लागणार, असं त्याच्या मनात आलं असणार. एकदम ओरडला, "देवा, तुझे उपकार!"

म्हातारा ताडकन उठून बसला. "काहून बे? मी इथं मरून राह्यलो, अन् तू उपकार मानून राह्यला?"

दाविदला पोट धरून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारा बरा झाला. पुढे दर बाजाराला यायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय बे, आज कायचे उपकार?" बाजाराच्या दिवशी दाविद सकाळपासून दाराकडे डोळे लावून असायचा. खास त्याला भेटायला येणारं दुसरं होतं कोण!

*

छपन्न सालानंतर दवाखान्यामागच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. त्या वस्तीतली कौसल्या दवाखान्यात झाडलोट करायची. गुरुवारी कधीकधी आमच्यात येऊन नुसती बसायची. एकदा आपणहून बोलली.

"घरचे सारे बदलले. मीबी बदलली. पण चावडी आली का चपला आपोआप हातात येते. नवरा चिडते. डोक्याले समजते हो सारं, पायाले कोण सांगन?"

पाळकसाहेब उपदेशाला तोंड उघडणार, तोच रूथबाई उठल्या. "मीबी लहानपणी केळापुरात हेच केलं. चाल! तू तुह्या बुद्धाचं नाव घे, मी येशूचं घेतो. पण चपला पायात!"

दोघी निघाल्या. मागून मी. चावडीवर म्हातारे पानसुपारी करत बसलेले. कौसल्येचा हात रूथबाईंनी घट्ट धरला होता, चपलेकडे जायला तो मोकळाच राहू नये म्हणून!

एक म्हातारा मुद्दाम खाकरला. रूथबाई थांबल्या. "खोकला झाला का, दाजी? दवाखान्यात या, सिस्टर औषध देते!"

पुढच्या वळणावर कौसल्या उभी राहिली आणि आपल्या पायांकडे बघत राहिली.

"राह्यल्या की!" एवढंच म्हणाली.

*

माझ्याही डोक्यात एक वाक्य घर करून होतं. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावलं की ते यायचंच, 'तू आज मेलीस, तर उद्या दवाखाना उघडायच्या वेळेपर्यंत कुणाला कळणार नाही.' खूप दिवस गिळलं. एका गुरुवारी सांगून टाकलं.

रूथबाई म्हणाल्या, "काहून कळणार नाही? उद्यापासून मी फटफटलं की तुह्या दारात!"

खरंच दुसऱ्या दिवशी पहाटेच कडी वाजली.

"हायेस का, पोरी?"

"आहे."

"मंग ठीक!" आणि बाई गेल्यासुद्धा!

माझी बदली होईपर्यंत हे चाललं. देव बोलतो का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. मला आपली रूथबाईंनी वाजवलेली कडी आठवते.

*

आता शेवटचा.

एका पावसाळ्यात पाळकसाहेबांची बायको वारली. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. त्या गेल्यावरच्या रविवारीही साहेबांनी उपासना चुकवली नाही. आवाजसुद्धा हलला नाही. "बघा, विश्वास कसा असतो!" असं दाविद मला म्हणाला.

पुढच्या गुरुवारी पाऊस मी म्हणत होता. रस्त्यात गुडघाभर चिखल. मी उशिरा पोचले, तर बाकी कोणी आलंच नव्हतं. साहेब पुढे उभे राहून, डोळे मिटून प्रार्थना करत होते. मी दाराशीच थांबले.

"प्रभू, मी एकटा आहे, हा विचार माझ्या मनातून काढून टाक."

एवढं म्हणून ते खाली उतरले, सावकाश चालत डावीकडच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आमेन." मग उठले, परत पुढे जाऊन उभे राहिले. पुन्हा प्रार्थना. पुन्हा खाली उतरायला निघाले.

मला राहवलं नाही. दारातूनच मी म्हटलं, "आमेन."

साहेब जागच्या जागी थांबले. डोळे मिटून घेतले.

"सिस्टर," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं. ती मोठ्यानं म्हणायची."