कॉलरवालीचा हात

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळ्या कॉलरवालीच म्हणायच्या. कॉलरी बाकीच्याही शिवत, पण हात हिचाच. शेजारच्या मशीनवर तिची थोरली जाऊ बसायची. डोळे अधू झालेले, तरी टाका सरळ. दोघींचे नवरे मिळेल ते काम करणारे, नाही मिळालं तर ओट्यावर बसणारे. घर चालायचं ते या दोन मशीनवर.

कारखान्यात बायकांची एक रीत होती. घड्याळ घेऊन साहेब वेग मोजायला आला, की सगळ्यांचे दोरे तुटायचे, बॉबिनी संपायच्या, कुणाला खोकल्याची उबळ यायची. साहेब वैतागून निघून जायचा आणि रोजच्या नगांचा कोटा होता तिथंच राहायचा.

त्या वर्षी कारखाना फुगत चालला होता. वर नवा मजला चढला, मालकाच्या दारात दुसरी गाडी आली. सुपरवायझर म्हणाला, "कंपनी वाढली की तुम्हीही वाढणारच की. जरा हात दाखवा." बाकीच्या मान खाली घालून हसल्या. कॉलरवालीला मात्र ते पटलं. साहेब घड्याळ घेऊन मागं येऊन उभा राहिला आणि तिनं मशीन सुसाट सोडलं.

"अगं, हळू," जाऊ पुटपुटली. "तुझ्या एकटीचं घड्याळ नाही ते."

"बघू दे की ताई त्यांनाही एकदा. किती दिवस रडत बसायचं?"

पुढच्याच महिन्यात तिचा वेग सगळ्यांचा कोटा झाला. माल दुप्पट निघू लागला, पगार जागचा हलला नाही. ज्यांना जमेना त्यांना घरी बसवलं. त्यात जाऊ पहिली.

कॉलरवाली सुपरवायझरकडे गेली. "तिच्या वाटच्या कॉलरी मी शिवते, पण तिला काढू नका."

"तू शिवणार, तर मग ती कशाला?" तो म्हणाला. त्याचा आवाजही चढला नव्हता.

आता जाऊ घरीच तयार शर्टांचे सुटे दोरे कापते, नगामागं ठरलेल्या दरानं. गठ्ठा कॉलरवालीच कारखान्यातून डोक्यावर आणते. एकदा तीही कात्री घेऊन शेजारी बसली. हात सवयीनं धावू लागला.

"सावकाश, बाई," जाऊ मान वर न करता म्हणाली. "याचाही दर उतरवशील."

कॉलरवालीनं कात्री खाली ठेवली. जाऊ एकेक कॉलर डोळ्यांशी नेत राहिली. गठ्ठा काही उतरेना.